गॅलरीतला वारा

मी, खाली सही करणारी, वकिलांच्या कार्यालयात जन्मभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप करत आले; आज स्वतःचे करत आहे. माझे मन ठिकाणावर आहे, हृदय नाही. दोन्हींबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी ऐकणारी नव्हे, हे घरच्यांना ठाऊक आहे.

१. दोन खोल्या व गॅलरी असलेले हे घर मी माझ्या पगारातून घेतले असून माझ्याच नावावर आहे. ते माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. बाळंतपणाला आलेली ती तान्ह्या लेकीला घेऊन आठवडाभरात निघून गेली, कारण खोलीत धूर होता. मी तिला थांब म्हटले नाही. तिने आता परत यावे, पडदे फेकून द्यावेत, भिंतींना रंग काढावा आणि माझ्या नातीला इथे रांगू द्यावे. हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

२. टाइपरायटरही मुलीलाच. त्याचा 'ह' अडकतो, हलक्या हाताने दाबावा.

३. पितळी ॲश-ट्रे यजमानांच्या मित्राला द्यावा. त्यांना मी मनातल्या मनात धुरंधर म्हणते. पत्ते खेळायला आले की मला खोकताना पाहून "वहिनी, गरम पाणी घ्या," म्हणायचे आणि दुसरी पेटवायचे. राखेसकट द्यावा.

४. यजमानांविषयी. "जरा गॅलरीत जाऊन ओढा हो," एवढेच मी लग्नापासून मागत आले. "तिथं वारा लागतो गं, काडी विझते," हे त्यांचे ठरलेले उत्तर. शेवटी झटका आला तो मला. डॉक्टरांनी विचारले, "बाई, दिवसाला किती ओढता?" हे हसून म्हणाले, "छे हो, तिला तर वाससुद्धा सहन होत नाही." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बंद खोलीत दुसऱ्याच्या धुरानेही हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात, गुठळी होते. आता स्नायूचा बराच भाग निकामी झाला आहे, पंप जेमतेम चालतो. तेव्हापासून पाय सुजतात, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपावे लागते. ह्यांना मात्र साधी धापही लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

त्यांना मी काहीही देत नाही. मुलीने ठेवून घेतले तर राहावे. ओढायची झाल्यास गॅलरीत. वारा लागेल, लागू दे. माझा राग मरेपर्यंत जायचा नाही. माया गेली नाही, याचा राग त्याहून जास्त आहे.

५. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये, असे आमच्या कार्यालयात शिकवत. यजमानांना काही मिळायचे नाही, तेव्हा पहिले साक्षीदार तेच. आजवरही सगळे त्यांच्याच डोळ्यांदेखत झाले आहे.

स्थळ: राहत्या घरची बाहेरची खोली
दिनांक: रविवार, बारा जानेवारी दोन हजार पंचवीस

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार १: यजमान (सही)
साक्षीदार २: शेजारच्या नर्सबाई (सही)

सह्यांनंतर हाताने केलेली नोंद: यजमानांना "आधी वाचा" असे सांगितले होते. "तू टाइप केलंयस म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी न वाचता सही केली. त्या वेळी त्यांच्या सिगारेटची ठिणगी पडून कलम चारमध्ये एक भोक पडले आहे. मजकुरात फेरफार नाही. जळालेला शब्द 'गॅलरीत' असा वाचावा.