मंगळवारी मी कुठे होते

३ ऑगस्ट २०२५, रविवार
अकोल्याहून आत्ताच अमरावतीला घरी आले. बोटं दुखतायत. बिलबुकातल्या पन्नास बिलांवर पन्नास सह्या — सगळ्या कोऱ्या बिलांवर. औषधं पुढच्या आठवड्यात विकली जातील. तेव्हा मी भातकुलीच्या शाळेत सहावीला पचनसंस्था शिकवत असेन. पण कागदोपत्री मी दिवसभर श्याममामाच्या मेडिकलमध्ये हजर! भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे, फोटोसकट. फोटोत मी वीस वर्षांची, घाबरलेली. काउंटरवर मात्र मामाचा नितेश, बारावीत दोनदा आपटलेला.

बाबा गेल्यावर मामानेच मला डी. फार्म.ला घातलं. दुकानाला घरचा फार्मसिस्ट हवा होता, हे मला फार उशिरा कळलं. बीएस्सी, बीएड मी नंतर हट्टाने केलं. त्यालाही मामा नाही म्हणाला नाही. फक्त दर रविवारी बिलबुक पुढे करतो.

५ ऑगस्ट
रागिणीने भर वर्गात विचारलं, "मॅडम, भूक लागली हे पोटाले कोन सांगते?" मला नीट सांगता आलं नाही. दिवसभर खूश होते.

११ ऑगस्ट, सोमवार
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. आता तासिकेवर नाही, पूर्ण वेळेसाठी माझा प्रस्ताव पाठवणार आहेत. एक हमीपत्र द्यायचं — दुसरीकडे कुठेही नोकरी नाही, कुठेही नाव लावलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत.

तीन वर्षं याचीच वाट पाहिली आणि आता दुकानावरचं नाव आडवं येतंय. उद्या मामाला फोन करते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
फोन केला नाही. पाच तास घेतले, घसा बसला.

१७ ऑगस्ट, रविवार
सांगितलं एकदाचं. अकोल्याला मामा, मामी, नितेश आणि माझ्यासोबत आलेली आई, सगळे जेवायला बसले होते.

मामा घास तसाच धरून म्हणाला, "तुह्या नावावर दुकान हाये, मोनाली. नाव काढलं तं शटर पाडा लागते."
"दुसरा फार्मसिस्ट पाहा ना, मामा."
"घरचा असताना बाहेरचा कावून पाहू?"

आई ताट उचलून मोरीवर गेली. शेवटी मामाच म्हणाला, "पोळा होऊ दे, मंग बोलू." तो वाईट माणूस नाही, हीच माझी पंचाईत आहे. वाईट असता तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते.

निघताना पुन्हा पन्नास सह्या केल्या. मला कणाच नाही.

१८ ऑगस्ट
आई बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. तेही मी बोलले नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
मधल्या सुट्टीत नितेशचा फोन. "ताई, एक लोचा झाला."

जुन्या शहरातल्या सुंदराबाई. सांधेदुखीवर डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. नितेशने चिठ्ठी धड वाचली नाही. पाकिटावर लिहिलं — रोज एक. बिचाऱ्या बाईंनी रोज घेतली, दहा-बारा दिवस. आता सरकारी दवाखान्यात आहेत.

बिल १२ ऑगस्टचं. खाली सही माझी.

त्यानंतर सातवीचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

२७ ऑगस्ट
गणपतीची सुट्टी. आईला न सांगता अकोल्याला गेले. सुंदराबाईंचं तोंड आतून सगळं सोललंय. पाणीसुद्धा गिळवत नाही. माझ्याकडे बघत होत्या, पण बोलता येत नव्हतं. शेजारी त्यांची सून पंचफुला. मी दुकानातली म्हटल्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने बसायला स्टूल दिलं.

"दुकानं लय हायेत आमच्याकडं. पन तुमचा फोटो हाये ना भिंतीवर, म्हून सासूबाई तिथंच जाये. म्हने, शिकलेली पोरगी हाये."

जाताना गाडीत सारखी घोकत होते — मी तिथे नव्हते, मी तिथे नव्हते. जणू त्यात माझी सुटका आहे! अगं बाई, तू तिथे नव्हतीस हाच तर गुन्हा. मला स्वतःची किळस आली. जिन्यात बसून रडले आणि पुढची गाडी धरली.

३० ऑगस्ट, शनिवार
दवाखान्याने कळवल्यावरून औषध निरीक्षकांचं पत्र आलं. मंगळवारी जबाबाला हजर राहायचं. फोन केला तर शांतपणे म्हणाले, "१२ तारखेला दुकानात कोण होतं, एवढंच सांगायचं."

एवढंच! दुकानात होते म्हटलं तर ती गोळी मी दिली. प्रमाणपत्र जाणार, मागे पोलीस लागणार, मग शाळा कुठली? शाळेत होते म्हटलं तर कोऱ्या सह्यांची शिक्षा मला होईलच, पण नितेश अडकेल आणि मामाचं दुकान बंद होईल. इतकी वर्षं फार्मसी की शिक्षकी यावर डोकं फोडून घेतलं. आता त्याचं उत्तर सरकारी कागदावर एका ओळीत द्यायचंय.

उद्या रविवार, म्हणजे हमीपत्राची मुदत आजच संपली. ते पर्समध्ये तसंच आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
मामा अमरावतीला आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नितेशचं लग्न ठरून राहिलं, बाई. पोट्टं आयुष्यातून उठन. तू शिकलेली हायेस, तुले काई फरक नाई पडत."
म्हटलं, "मामा, मी खरं सांगणार. माझ्या सह्यांसकट सगळं."

तो पाणी प्यायला. मग आईला घेऊन ओट्यावर बसला, बराच वेळ. तो गेल्यावर आईने मला जेवायला वाढलं आणि दुपारी डोक्याला तेल लावून दिलं. कित्येक महिन्यांनी. मला बरं वाटलं. ती माझ्या बाजूने आहे.

१ सप्टेंबर
पंचफुलाचा फोन. सुंदराबाई दोन चमचे पाणी प्यायल्या. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगून १२ तारखेच्या हजेरीपटाची झेरॉक्स मागून घेतली. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. आई सकाळीच अकोल्याला गेली, मामीची तब्येत बरी नाही म्हणून.

२ सप्टेंबर, मंगळवार
निरीक्षक साहेबांनी मी बोलायच्या आधीच एक कागद पुढे सरकवला. मामाने कालच दिलेला जबाब — मोनाली रोज सकाळच्या गाडीने दुकानावर येते, १२ तारखेची गोळी तिनेच दिली. खाली साक्षीदार, मुलीची आई. सही आईचीच. मी सातवीत असेपर्यंत ती अंगठा द्यायची. सही करायला मीच शिकवलं तिला, माझ्या जुन्या पाटीवर, महिनाभर रोज.

झेरॉक्स दाखवली असती तर आई खोटी पडली असती. ती पर्समध्येच ठेवली. "बरोबर आहे," मी म्हणाले आणि खाली सही केली.