उरलेली बाजू

७ जानेवारी १९५६, लालबाग
श्री गजानन प्रसन्न. आज इस्पितळातून सुटले ती थेट सुभद्राआत्यांकडे आले. ह्या आमच्या यांच्या आत्या. आमची वडाळ्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, टाके नुकतेच काढलेले, म्हणून बरी होईतो इथंच. खोली तळमजल्याला, लख्ख, उन्हाची. डॉक्टरांनी डावीकडचं अंडाशय नि नळी काढली. उजवी बाजू धड आहे, मूल होईल म्हणाले. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता माझं सगळं त्या एका बाजूवर. आत्यांनी माझ्यासाठी दुधाचा रतीब वाढवला. एवढं कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, बाळंतिणीला लागतंच. मी कुठली बाळंतीण? तर म्हणाल्या, पोटातून निघालं ना? मग झालं तर. हसताना पोट धरावं लागलं.

९ जानेवारी
आत्यांना मूल नाही, पण चाळीतल्या बायकांची बाळंतपणं त्याच करतात. मलाही शेक, ओव्याची धुरी, पोटाला घट्ट पट्टा. फार सुख वाटतं. आज कळलं की काढलेला तुकडा त्यांनी इस्पितळातल्या आयाबाईकडून मागून आणला नि परवा, मी यायच्या आधी, बाळाची वार पुरतात तसा तुळशीच्या डब्यात पुरला. आपल्या अंगाचं कचऱ्यात जाऊ नये म्हणतात. मला बरंच वाटलं.

१२ जानेवारी
पुरल्याला सहावा दिवस, म्हणून आत्यांनी पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजली. कोरा कागद, टाक, सगळं. सटवाई मुलाचं नशीब लिहिते, पण इथं मूल कुठंय? विचारलं तर टोमणा मिळाला, मॅट्रिक सुनेला कसं पटेल. वडीलधाऱ्यांचं मन कशाला मोडा. वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं. त्या सांगतील तसं म्हटलं, याला उदंड आयुष्य दे.

१५ जानेवारी
काल संक्रांत. शेजारची बकुळा तिळगूळ घेऊन आली, सोबत एक टोपडं. म्हणाली, वैनी, पोर आमच्यापासून दडवता होय, रडण्याचा आवाज तर गिरणीच्या भोंग्यासारखा आहे. तिला थट्टेची सवय आहे. ती गेल्यावर पाहिलं, चोळी ओली होती. दूध आहे.

१७ जानेवारी
मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं. रस्त्यावर गोळीबार, आता संचारबंदी. हे वडाळ्यालाच अडकलेत. जखम पाझरते. पू नाही. पांढरं, दुधाच्या वासाचं. डॉक्टरांकडे जायचं कसं? आत्या म्हणतात, पाझरू दे, भूक लागते त्याला.

१९ जानेवारी
दुपारी मीही ते रडणं ऐकलं. तुळशीकडून नाही — पट्ट्याच्या आतून, डावीकडून, जिथं आता काहीच नाही. आत्या म्हणाल्या, एकटं आहे म्हणून रडतं, सोबत हवी त्याला. बोलता बोलता उजवीकडे बोटं रोवत होत्या. मी हात झटकला. तर शांतपणे म्हणाल्या, आयुष्य तूच मागितलंस ना गं, सूनबाई —

२० जानेवारी
आत्या पाण्याला गेल्या तशी कडी घातली. दार ठोठावून गेल्या. तरी उजवीकडे दाबतंय — आतून. इवली बोटं, चाचपताहेत. देवा, ही बाजू नको. एवढीच आहे. एवढीच —

२१
रडणं थांबलं.
आता दोन आवाज. खिदळताहेत —
उजवीकडे हात लावला. मऊ. पोकळ. काही उरलं नाही.
वर सरकताहेत दोघं. बरगडीखाली — दुधाच्या वासानं — बकुळेला हाक मारते, आवाजच —