काळी पाचवरच्या खुणा

३ फेब्रुवारी, सोमवार

किशनराव सरांचा पियानो विकायला काढलाय!

सकाळी दुकानात एका पेटीचा भाता चिकटवत होतो. दोन्ही हात सरसानं भरलेले, आणि फोन वाजायचा थांबेना. शेवटी कोपरानं उचलला. "मी भागवत बोलतोय, लातूरहून. किशनराव सरांचा मुलगा." सर जाऊन चार वर्षं झाली. आई घरात एकटी. आता तिला पुण्याला नेणार, सातव्या मजल्यावर. पियानो काही तिथं चढणार नाही. "नांदेड-लातुरात यातलं कळणारे तुम्हीच आहात म्हणतात. येऊन नीट पाहणी करा, कागदावर लिहून द्या. आणि तुम्हाला हवा असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघत नाही."

हवा असेल तर म्हणे! चौतीस वर्षं हवाय मला.

एक्याण्णव साली लातूरला एक पेटी पोचवायला गेलो होतो. चोवीसचा होतो. त्या गल्लीतून जाताना पियानो ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा! साधीच भजनाची चाल होती, पण असा सूर की पेटी खांद्यावर तशीच राहिली. फाटकापाशी अर्धा तास उभा. मग धीर करून कडी वाजवली. सूर थांबला. सरांनीच दार उघडलं. म्हटलं, "सर, काय हात आहे तुमचा!" सर नुसते हसले, काही बोलले नाहीत. आत बोलावलं, पाणी आलं. एवढा मोठा फिजिक्सचा प्राध्यापक, आणि काय ती नम्रता!

त्याच वर्षी हैदराबादला जाऊन एका कारखान्यात पियानोचं काम शिकलो. दोन वर्षं. नाहीतर मी जन्मभर पेट्यांचे भातेच चिकटवले असते. (तसे तेच चिकटवतोय म्हणा.)

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुभद्रेला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या खोलीत हत्ती बांधायचा म्हना की." संध्याकाळी घरी आलो तर तिची शिलाई मशीन मागच्या खोलीत गेलेली, पुढची खोली झाडून स्वच्छ, आणि ही बाई पावलांनी भिंत मोजून राहिलेली! माझ्या नशिबात हीच कशी आली, देवाला ठाऊक.  

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटेची एसटी धरून लातूरला. परत यायला नऊ वाजले, तरी लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काय वाद्य आहे! झाकण वर केलं आणि मनातल्या मनात हात जोडले. पण मी तिथं गिऱ्हाईक म्हणून नाही, पाहणी करायला गेलो होतो. म्हणून चेहरा कोरा ठेवूनच कामाला लागलो. तार ताणणारी एकेक खुंटी चावीनं तपासली. दोनशेच्या वर खुंट्या, त्यातल्या सैल फक्त चार. तारा मूळच्याच. गंज किरकोळ.

मग बॅटरी घेऊन पाठीवर झोपलो आणि खाली सरकलो. खरी भीती इथंच. पियानोचा आवाज ज्या मोठ्या फळीतून येतो ती हवा कोरडी पडली की तडकते. आणि लातूरचा उन्हाळा! तिथं माणसाच्या टाचा तडकतात, तिथं फळीचं काय. इंच इंच बघितली. एक भेग नाही! मी दोनदा बघितलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

बाहेर सरकताना शहाबादी फरशीवर पांढरं गोल वर्तुळ दिसलं. एकात एक अशी कितीतरी. पाण्याच्या भांड्याच्या खुणा.

कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. सरांच्या पत्नी. सत्तरी उलटली असेल. 

"तपेलं असतं तिथं पान्याचं," म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं होतं, लाकडाला ओल लागते. आज झाडायला काढलंय."

"कधीपासून, बाई?"

"आला तवापासून."

"आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली?"

"त्या साली बी. मानूस एक तांब्या कमी पेला तर मरत न्हाई, भाऊ. हे फुटलं असतं."

असं साधं सांगून आत निघून गेल्या. मी फरशीवर तसाच बसून राहिलो. त्या वर्षी नांदेडहून लोक लातूरच्या पाहुण्यांना पाण्याचे कॅन घेऊन जायचे! आणि या घरात पियानोला पाणी होतं. हैदराबादच्या माझ्या उस्तादांनीसुद्धा असा पियानो सांभाळला नसता.

भागवत म्हणाला, "आईला त्यातलं काही कळत नाही हो. बाबांची वस्तू म्हणून जपते."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हवा आहे. हवाच आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी खेप. आज पट्ट्या आणि हातोड्यांचा सगळा साचा ओढून बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. पट्टी दाबली की नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, लावलेली हातोडी उडून तारांवर बसते. जो सूर जास्त वाजतो, त्याच्या हातोडीच्या नमद्यावर तारांच्या रेघा उमटतात. कोण काय वाजवतं ते हातोड्या लपवत नाहीत.

हातोड्या नव्या निघाल्या. भागवत म्हणाला, बाबांनी दोन हजार एकोणीसमध्ये हैदराबादचा माणूस बोलावून बसवून घेतल्या. पुढं वर्षभरात बाबा अंथरुणाला खिळले आणि मग गेलेच. त्यानंतर पियानो बंदच.

बंद? मग या रेघा कसल्या?

मधल्या दोन सप्तकांत स्पष्ट रेघा. सगळ्यात खोल काळी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या हातोडीवर. तिच्या खालोखाल तिचा पंचम, पांढरी चार. आणि डाव्या हाताच्या सगळ्या हातोड्या कोऱ्या! दुकानातून आजच आणल्यासारख्या. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवलाय, तोही ताजा.

साचा परत बसवला. एसटीत देवणीचा एक माणूस पूर्णवेळ कानाशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता. मी हो हो करत होतो, डोक्यात मात्र काळी पाच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दुकानात एक दुरुस्त केलेली पेटी वाजवून बघत होतो. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. आणि वाजवता वाजवता थांबलो.

मी मूर्ख आहे. चाळीस वर्षं पेट्या केल्या आणि एवढं दिसलं नाही!

पियानोवाला दोन्ही हातांनी वाजवतो. पेटीवाल्याचा डावा हात भाता हलवतो, त्याला सूर माहीतच नसतो. तो पियानो एका पेटीवाल्यानं वाजवलाय. आणि काळी पाच हा बाईमाणसाच्या गळ्याचा सा आहे. पुरुष एवढ्या वर गातच नाही.

घरात बाई एकच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भागवत बँकेत गेल्यावर मुद्दाम विषय काढला. "बाई, काळी पाच तुमची ना?"

त्यांनी हातातलं तपेलं खाली ठेवलं.  मग दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "कसं वळकलं?"

सांगितलं. कोऱ्या हातोड्यांचं ऐकून पोरीसारख्या हसल्या. "डाव्या हाताला काय करावं समजतच न्हाई. मांडीवर पडून राहतोय."

माहेर देगलूर. वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन रेणापूरला आल्या आणि पेटी सुटली. "सासऱ्याला खपत नव्हतं. बाईनं पेटी वाजवली म्हंजे काय तरी भलतंच. घरात पेटी येऊच दिली न्हाई." पुढं सरांना नोकरी लागून लातुरात बिऱ्हाड केलं, पण सासू-सासरेही इथंच येऊन राहिले.

मी म्हटलं, वाजवा की. आढेवेढे घेतले, मग पदर खोचून बसल्या. पाठ ताठ, डावा हात मांडीवर. चार वर्षांत सूर न लावलेला पियानो, पण उतरलेल्या पट्ट्या त्यांना पाठ आहेत. त्यांच्यावर बोट टाकतच नाहीत, वळसा घालून जातात! मी तीस वर्षांत कितीतरी वाजवणारे बघितले. शाळेतले मास्तर बघितले, चर्चमधले बघितले. असं वाजवणारं कुणी नाही. सर गेल्यावर एकटेपणात या वयात एवढं कमावलं, या बाईंना काय म्हणावं?

उठताना म्हणाल्या, "भागवतला सांगू नका. त्यानं तिकडं घर घेऊन ठेवलंय. आई आडून बसली असं व्हायला नको. तुमच्या घरी जाऊन राहिलाय ना पियानो, मग माझी काळजी मिटली. शब्द द्या."

दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं तेच लिहितो, ही वही कोण वाचतंय. काल शब्द दिला तेव्हा आधी आनंद झाला. गप्प बसलो की पियानो माझा, आणि वर शब्द पाळला म्हणून पुण्यही माझंच!

सुभद्रेनं पुढच्या खोलीला नवा पडदा शिवलाय. मी जेवलो नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र झाली, सिद्धेश्वराच्या जत्रेनं लातूर भरून वाहतंय. स्टँडवरून घरापर्यंत चालतच गेलो. वाटेत ठरवलं.

भागवतला म्हटलं, कागद लिहिण्याआधी तुम्ही स्वतः बघा. साचा काढून टेबलावर ठेवला. बॅटरी त्याच्या हातात दिली आणि हातोड्या म्हणजे काय, रेघा म्हणजे काय, कधी उमटतात, एवढं समजावून दिलं. आणि गप्प बसलो.

तो इंजिनियर माणूस. एकेक बघत गेला. "एकोणीस साली बसवल्या... बाबा तर वर्षभरातच नीट बसूसुद्धा शकत नव्हते." मग माझ्याकडे वळला. "हे कोण वाजवतंय?"

"मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आत भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला.

"आई?"

मी चपला घातल्या आणि बाहेर फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.  मग बाईंचा आवाज आला, "आरं, रडून काय राहिलास येड्यासारखं!"

कागद लिहायचा राहूनच गेला.

१ मार्च, शनिवार

भागवतचा फोन. सातवा मजला भाड्यानं देणार. तळमजल्याचं घर बघतोय, दोन-तीन महिने लागतील. पियानो आईबरोबर जाणार. "तुम्हाला तोंड कसं दाखवू समजत नाही." म्हटलं, दाखवायचं काय त्यात, सूर लावायला बोलवा.

फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिलो. वाईट वाटलं. फार वाटलं. असा पियानो परत माझ्या वाट्याला यायचा नाही.

घरी सांगितल्यावर सुभद्रा शिलाई मशीन पुढं आणायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं धरली. "पडदा राहू द्या," म्हणाली, "चांगला दिसून राहिलाय."

६ मार्च, गुरुवार

दिवसभर सूर लावले. काळी पाच सगळ्यात शेवटी लावली, जीव ओतून. बाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. मी तार चढवायच्या आधीच मान हलवायच्या, "अजून जरा." दरवेळी बरोबर! असला कान!

भागवतनं पाकीट पुढं केलं, मी घेतलं नाही. निघताना बाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हातात दिला. "तुम्हाला पियानो देता आला न्हाई. हे ठेवा. ह्यांनी जपून ठेवलं होतं." एसटीत उघडला नाही. धक्क्यानं सांडेल म्हणून मांडीवर धरून बसलो.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी डबा उघडला. झाकणाच्या आतून सरांच्या अक्षरातली चिठ्ठी : "मूळ हातोड्या. पियानो घरी आला १९८४. काढल्या २०१९." एकेक हातोडी नंबरानं लावून ठेवलेली.

दुकानातल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. डाव्या हाताच्या सगळ्या कोऱ्या. काळी पाचचा नमदा पार लाकडापर्यंत गेलेला.

पस्तीस वर्षं. म्हणजे सर कधी वाजवतच नव्हते. पेटी आणली असती तर ती सुनेसाठी आहे हे सासऱ्यानं ओळखलं असतं. म्हणून त्यांनी पियानो आणला, दार लावून आत बाईंना वाजवू दिलं, आणि जन्मभर साऱ्या गावाला, पोटच्या पोरालासुद्धा, तो आपलाच म्हणून सांगितला.

एक्याण्णव साली पाणी बाईंनीच आणलं होतं. मी सरांच्या हाताची तारीफ करत होतो. पेला घेताना बाईंच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.