हलीमाताई येताहेत

अण्णा,

हलीमाताईंना आणायला स्टेशनवर जाते आहे. आफ्रिकेत नियामेच्या दवाखान्यात आई विनामोबदला काम करायची, तेव्हाची ही तिची शेजारीण. हैदराबादला लेकीकडे आल्या आहेत. आज लातूरला येताहेत ते फक्त तुमच्यासाठी.

"त्या गावाचं नाव काढू नको," असं काल तुम्ही म्हणालात. आई तिथेच वारली, हे मीही विसरले नाही. पण त्यांनी फोनवर सांगितलेलं ऐका. आपला नळ आठ दिवसांनी येतो. त्या सवयीने आईने तिथे रोज घागरी, पातेली, ताटंसुद्धा भरून ठेवली. "सिस्टरला तहान लई दिसते," म्हणून गल्ली हसायची. मग ऐन उन्हाळ्यात पाइप फुटला आणि दोन दिवस त्याच गल्लीतल्या लेकरांना आईने पाणी पुरवलं. आता तिथल्या बायका ताटंही भरून ठेवतात म्हणे.

वरण झालं आहे. ताई आईने शिकवलेली हिंदी बोलतात, तुम्हाला सहज कळेल. दार मात्र तुम्हीच उघडा. शेवटचे दोन दिवस त्या आईच्या उशाशी होत्या. मी त्यांना त्याबद्दल काही विचारलेलं नाही. ते आधी तुम्ही ऐकायचं आहे.

सौदामिनी