आईची शिट्टी

काका,

आईच्या स्मरणग्रंथात माझा लेख आज छापलेला पाहिला. तुम्ही संपादक आणि तिचे संपातले साथी, म्हणून विश्वासानं तुमच्या हाती दिला होता. तुम्ही त्यातली शिट्टीच कापलीत.

शिवणकारखान्याच्या संपात आई रोज फाटकापाशी घोषणा द्यायची आणि घसा बसला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. फाटकाआडचा पहारेकरी हसायचा. तोच पुढे माझा बाप झाला. मी फोन केला तर म्हणालात, "असल्या गोष्टींनी लढ्याचं गांभीर्य जातं."

खड्ड्यात गेलं गांभीर्य. ती चिडून लढली तशी मजेतही लढली, म्हणून बायका बेचाळीस दिवस तिच्याबरोबर उन्हात बसल्या. तुमच्या भाषणांसाठी नव्हे.

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'वारसा' आणि खाली तिची आवळलेली मूठ. ती मूठ तुम्हाला लखलाभ.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. रविवारी प्रकाशनाला पहिलं भाषण माझं आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मी एक शब्द बोलणार नाही, फक्त दोन बोटं तोंडात घालीन.

पहारेकऱ्याची पोर