नागपूरहून रोज येणारं कुणीतरी

मंगळवार, नवीन पनवेल

वेब अ‍ॅनालिटिक्सच्या सर्टिफिकेट परीक्षेचा सराव मी भावोजींच्या सुक्या मासळीच्या वेबसाइटवर करते. तिथे नागपूरहून कुणीतरी रोज येतं, बोंबील वाळवण्याचं पान उघडून बराच वेळ थांबतं आणि काहीच न मागवता निघून जातं. अभ्यासाच्या पुस्तकाप्रमाणे असं पान काढून टाकायला हवं. पण कोण असेल? राहवेना, म्हणून गेल्या आठवड्यात त्या पानावर माझा फोन नंबर टाकला.

आज फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईंचा.

“आमी करंजा बंदरावरचे. आता नागपुरात लेकाकडं रवते. त्या पानावरच्या फोटूत मागं निली होडी हाय ना, ती माज्या भावाची. मासली नको मला.”

“रोज बघता ना?” मी बोलून गेले.

“तुला कसं कललं?”

आजच बातमी वाचली, अ‍ॅनालिटिक्सच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत असं एकटंदुकटं माणूस दिसणारच नाही. सकाळी मी चिडले होते. आता वाटतं, बरंच आहे की. पण मग या मला सापडल्या असत्या का?

त्यांना खरं ते सांगितलं. वेबसाइटवर कोण काय बघतं ते आम्हाला थोडंफार कळतं, म्हटलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, “मंग मी बघते, ते भावाला दिसतं का?”

“नाही. पण रविवारी करंजाला जाऊन मी त्यांना सांगते.”