सानियाला पाठवलेले अंगठे

१० नोव्हें., सोम.
दिवाळीनंतर कॉलेज सुरू. कँटीनमध्ये आमच्या ग्रुपच्या चौघी एकदम हसल्या, चौघींच्या हातात फोन. माझा गप्प. वाटलं, नेट गेलं. नेट चालू होतं. सुट्टीत त्यांनी नवा ग्रुप केलाय, मला सोडून. जुन्यावर माझंच ‘शुभ दीपावली’ शेवटचं पडून आहे. म्हणे, "अगं, चुकून राह्यलं." चार जणींच्या हातून नेमकं एकच माणूस चुकून राहतं, कमाल आहे.

११, मंगळ.
डबा एकटीने खाल्ला. कुणी बघू नये म्हणून फोन कानाला लावून "हो आई, जेवले आई" करत बसले. आई तेव्हा शेतात कापूस वेचत होती आणि तिच्याकडे फोनच नाही. घरी येऊन तीन तास रील्स. आता एकही आठवत नाही.

१२, बुध.
स्टेटस ठेवलं. काळ्यावर पांढरं: ‘गरज सरो, वैद्य मरो. ओळखलं आता एकेकाला.’ नाव घ्यायचं नाही, ही आमच्या कामरगावची रीत. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

१३, गुरु.
लागलं. सगळ्या भलत्याच लोकांना. सकाळीच काकू दारात, आमचा पिठाचा डबा आदळत: "डबा वापस नाई देल्ला म्हनून गावाले सांगतं काय वं?" मग इंझोरीच्या मामेभावाचा फोन: "ताई, माहं काय चुकलं?" स्टेटस पाहणारे एकसष्ट. त्यात त्या चौघी नाहीतच.
सगळ्यात आधी पाहिलं सानियानं. (पुढे फक्त सा., हात दुखतो.) पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तिच्या अब्बूंचं स्टँडजवळ शिलाईचं दुकान. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, घरी मशीनवर बसते. रोज सकाळी शिवत असलेल्या ब्लाउजचा फोटो पाठवते. मी अंगठा पाठवते.

१४, शुक्र.
सा.चा फोटो नाही.

१५, शनि.
आजही नाही. मेसेज केला. एकच टिक. डीपी पण काढलाय.

१६, रवि.
आई भाकरी थापता थापता: "सानियाची माय भेटली होती. पोरगी खोलीतून निंगत नाई म्हने. जेवत बी नाई धड. अन् तू कायले फोनात पाह्यतं? चालत जा ना."
सा.चं घर मशिदीमागे, सहा मिनिटांवर. रमजान ईदला शीरखुर्मा खाऊन आले, त्यानंतर गेलेच नाही. आता जायची लाज वाटते. पुन्हा टिक बघितली. एकच.

१७, सोम.
कॉ.ला कारंजाला जाताना जीपमध्ये सा.ची न् माझी चॅट वर सरकवत गेले. ब्लाउज, अंगठा. बाही, अंगठा. गळ्याची पायपिंग, अंगठा. पोळ्याच्या सुमारास मध्येच: "मन नाई लागून राह्यलं. येतं काय घरी?" खाली माझा अंगठा. दसऱ्याला: "रोज सकाळी बिनाकामाचं रडू येते वं. काहून येत असन?"
अंगठा.
मी वाचलंच नव्हतं. आला असेल फोटो, म्हणून दाबला असेल. त्या चौघींनी मला वगळलं म्हणून गावभर बोंब मारली, आणि माझं हे असं. जीपमध्येच रडू फुटलं. शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता ओंजळभर शेंगा दिल्या.

१८, मंगळ.
कॉ. बुडवलं. गेले. चाचींनी, म्हणजे सा.च्या अम्मीने, आत सोडलं. सा. मशीनपाशी, पाठ माझ्याकडे. किती वाळलीय.
"पाह्यलं मी तुहं स्टेटस."
"तुह्यासाठी नव्हतं वं. कॉलेजातल्या पोरींसाठी होतं. त्याईनं पाह्यलंच नाई."
"मले वाटलं, रोज फोटो पाठवून मीच तुले तरास देऊन राह्यली."
माफीची चांगली सहा वाक्यं पाठ करून गेले होते. एकही निघालं नाही. "तुहे मेसेज वाचलेच नाई मी," एवढंच आलं तोंडातून. तिने एक ब्लाउज माझ्यापुढे टाकला, हुक लाव म्हणाली. दोन तास हुक लावत बसले. तिने बघितले आणि सगळे उसवले. "हे घालून बाई खाली वाकली त गेली कामातून." तेवढं हसली. मग पुन्हा चेहरा तसाच. फोन तिने मशीनच्या खणात बंद करून ठेवलाय.

२०, गुरु.
आज चाची दारातच: "आज नको बेटा. सकाळपासून भिताडाकडं तोंड करून पडली हाय."
काल कॉ.त मॅडमना विचारलं होतं, मैत्रिणीचं म्हणून. वाशिमला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात म्हणाल्या. चाचींना सांगितलं. त्या घाबरल्या. "पागल म्हनतीन लोक. सोयरिकीचं पाहून राह्यलो आमी तिच्या." मी म्हटलं, मीच आजारी आहे आणि सा. सोबत येतेय, असं सांगा लोकांना. तसं ते अगदी खोटंही नाही.

२२, शनि.
सा. उठून बसली होती. वाशिमचं सांगितलं. बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली.
"तू बी दाखवशीन काय डॉक्टरले?"
"दाखवतो."
"मंग पाहू."
मंगळवारी आठला स्टँडवर थांबते म्हणाले. फोन करणार नाही, मेसेज करणार नाही. यायचं तर ये.
घरी आल्यापासून भीती वाटतेय. तिच्यासाठी. आणि ती गेली तर माझं कोण, याचीही. हे दुसरं लिहिताना बरं नाही वाटत.

२५, मंगळ., स्टँड
साडेसातपासून इथे. वही मांडीवर. फोन मुद्दाम घरी ठेवला, नाहीतर तिच्या घराकडे बघायचं सोडून त्यातच बघत बसले असते. बोटं गारठलीत. एक जीप भरून गेली, मग दुसरी. मशिदीच्या गल्लीतून बुरख्यातली एक आली, चाल अगदी सा.सारखी. किराणा दुकानात शिरली. आठ वाजून गेले असावेत, घड्याळही फोनमध्येच राहिलं. आई म्हणाली होती, घरूनच घेऊन ये तिला. पण ओढत न्यायचं नाही, असं मी ठरवलंय. बरोबर की चूक, माहीत नाही.
तिसरा जीपवाला "कारंजा, कारंजा" ओरडतोय; वाशिमची गाडी तिथूनच. तोंडओळखीचा आहे. "येतं काय वं पोरी? किती जन?"
दोघी, म्हटलं.